एक कडा, पाच रस्ते : बोरघाटाची गोष्ट

खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटरवर आहे आणि लोणावळं ६२० मीटरवर. दोन गावांमधलं सरळ अंतर दहा किलोमीटरसुद्धा नाही. म्हणजे मुंबईहून पुण्याला निघालेल्या प्रत्येक माणसाला, बैलाला, तोफेला, इंजिनाला आणि कंटेनरला या एवढ्याशा पट्ट्यात जवळजवळ ५६० मीटर वर चढावं लागतं. बोरघाटाचा गेल्या दोन हजार वर्षांचा इतिहास म्हणजे हा एकच प्रश्न लोकांनी कसकसा सोडवला त्याची हकीकत आहे.

लहानपणी दादर-पुणे एशियाडच्या खिडकीशी बसून मला वाटायचं, रस्ता एवढा वळतो कशाला? सरळ का जात नाही? पुढे वाचत गेलो, घाटात पायी हिंडलो, तेव्हा उमगलं की रस्ता डोंगर ठरवत नाही. त्यावरून काय जाणार आहे, ते ठरवतं. वाहन बदललं की त्याच कड्यावर नवा रस्ता जन्माला येतो.

आधी कडा समजून घेऊ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास इथे जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पुरणपोळ्या रचाव्यात तसे त्याचे थर एकावर एक बसले आणि त्यातून दख्खनचं पठार झालं. भूशास्त्रात त्याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला आहे. सह्याद्रीच्या कुठल्याही डोंगराकडे बघा, कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, अशा पायऱ्याच दिसतील. पुण्याकडून हे पठार हलक्या उताराने येतं आणि खंडाळ्यापाशी एकदम तुटतं. खाली कोकण. वर देश, खाली कोकण आणि मधे घाट, ही आपल्या भाषेतली विभागणी जमिनीवरही तितकीच स्पष्ट आहे.

पहिला रस्ता पायवाटेचा. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांवरचा माल देशावर नेण्यासाठी सह्याद्रीत अनेक वाटा होत्या. नाणेघाट सगळ्यांना माहीत असतो, पण बोरघाटाच्या परिसरातल्या वाटाही त्याच काळातल्या. पुरावा डोळ्यांसमोर आहे. घाट चढून वर आलं की कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आणि घाटाखाली राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाणे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यात वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी आहे, धेनुकाकटचे यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे लोकही आहेत. एवढ्या लांबचे व्यापारी मावळातल्या डोंगरात पैसा ओततात, कारण त्यांचा माल याच बाजूने जात होता.

हा माल बैलांच्या पाठीवरून जायचा. इथेच पहिला धडा आहे. पाठीवर शंभर-सव्वाशे किलोची गोणी घेतलेला बैल बऱ्यापैकी उभा चढ चढतो. तो पाय ठेवायला जागा शोधतो, दगडावरून उडी घेतो, थकला की थांबतो. त्याला रुंद रस्ता नको, गुळगुळीत रस्ताही नको. म्हणून जुन्या घाटवाटा बहुतेक ओढ्याच्या नाळेतून किंवा डोंगराच्या सोंडेवरून थेट वर जातात. अंतर कमी, चढ जास्त.

अशी वाट अडवायलाही सोपी असते. बोरघाटावर नजर ठेवायला राजमाची होता, श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांसह. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाइस्तेखानाने कार्तलबखानाला पुण्याहून कोकणात पाठवलं. रोजच्या वहिवाटीचा बोरघाट टाळून खानाने लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने, नागफणीच्या कुशीतून फौज उतरवली. खाली उंबरखिंडीत दाट जंगल आणि अरुंद वाट. शिवाजी महाराजांनी पुढचं आणि मागचं अशी दोन्ही तोंडं बंद केली. मोठी फौज घाटवाटेत एकामागे एक अशी रांगेत असते, त्यामुळे तिच्या संख्येचा काही उपयोग राहत नाही. खानाबरोबर असलेल्या रायबागन या मोगलांकडच्या स्त्री-सरदाराने त्याला शरण जायचा सल्ला दिला आणि खान सगळं सामान टाकून जीव घेऊन गेला.

सव्वाशे वर्षं होत आली तेव्हा इंग्रजांनी हाच धडा वेगळ्या प्रकारे घेतला. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईहून फौज निघाली. लढणारे चार हजारांच्या आसपास, आणि सामान ओढायला १९ हजारांवर बैल! तोफांना चाकं असतात. बैलाला चालणारी वाट चाकाला चालत नाही, म्हणून घाटात तोफा वर न्यायला वाट फोडत बसावं लागलं. तेवढ्यात दिवस गेले आणि मराठ्यांना तयारीला वेळ मिळाला. मराठ्यांनी गवत जाळलं, तळेगाव रिकामं केलं. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठी माणसांनी त्याच्या शौर्याची दखल घेत त्याला 'इष्टुर फाकडा' केलं, त्याची समाधी आजही वडगाव मावळात आहे. काही दिवसांतच वडगावला इंग्रजांना शरणागतीचा तह करावा लागला. या पराभवाची कारणं बरीच आहेत, पण घाटात गेलेले दिवस त्यातलं मोठं कारण आहे असं मला ठामपणे वाटतं.

आता चाकाचं गणित पाहू, कारण इथून पुढे सगळा घाट त्यावरच उभा आहे.

चढ मोजायची साधी रीत अशी. 'वीसात एक' म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. अशा चढावर एक टन वजनाची गाडी ओढायची, तर सपाटीवर लागतो त्याच्या वर साधारण ५० किलो जास्तीचा जोर लावावा लागतो, कारण वजनाचा विसावा भाग मागे खेचत असतो. चढ 'दहात एक' केला की तोच जास्तीचा जोर १०० किलो. म्हणजे चढ दुप्पट झाला की बैलजोडीने निम्माच माल न्यायचा, किंवा दुप्पट बैल जुंपायचे. यातून सुटायचा मार्ग एकच : चढ हलका करा. पण उंची तर तेवढीच चढायची आहे. मग रस्ता लांबवावा लागतो. ५६० मीटर उंची वीसात एक या चढाने गाठायची तर किमान अकरा किलोमीटर रस्ता हवा. कड्याच्या अंगावर तेवढी सरळ जागा नाही, म्हणून तो रस्ता घडी घालून बसवायचा. घाटातली वळणं म्हणजे या घड्या. कपाटात बसत नसलेली सतरंजी आपण दुमडतो, तसंच.

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि मुंबई-पुणे ही दोन्ही ठाणी इंग्रजांच्या हातात आली. तरी घाटात पालखी, तट्टू आणि ओझ्याचे बैलच चालत. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने चाकाचा रस्ता करायचं मनावर घेतलं. कॅप्टन ह्यूजेसकडे काम दिलं गेलं आणि १० नोव्हेंबर १८३० ला माल्कमने घाट खुला केला. काम पुरतं संपलंही नव्हतं, पण तो स्वतः घोडागाड्यांतून मंडळींना घेऊन घाट उतरला. आजवर बैलाच्या पाठीवर गेलेला माल आता बैलगाडीत भरता येऊ लागला. खोपोलीतून शिंग्रोबाच्या देवळावरून वर जाणारा आजचा जुना हमरस्ता मोटारीच्या काळात रुंद झाला, डांबरी झाला, राष्ट्रीय महामार्ग ४ म्हणून ओळखला गेला आणि नव्या क्रमांकांनुसार ४८ झाला. पण त्याची जात तीच, बैलगाडीच्या चढाची.

याच काळातला एक दगडी पूल पिढ्यान् पिढ्या 'अमृतांजन पूल' म्हणून ओळखला गेला. त्यावर बामची जाहिरात असायची, तेवढंच त्या नावाचं कारण. पुढे एक्सप्रेसवे त्या पुलाच्या खालून काढला आणि त्याचे जाडजूड खांब वाहतुकीच्या मधोमध आले. शेवटी ५ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, सुरुंग लावून तो पाडला. वाहतुकीच्या दृष्टीने ते बरोबर होतं हे मला पटतं. तरीही १९० वर्षं उभी असलेली ती कमान त्या दिवशी पडद्यावर कोसळताना पाहिली आणि पोटात कालवलं.

तिसरा रस्ता लोखंडाचा, आणि माझ्या लेखी या घाटातलं सगळ्यात मोठं काम तेच. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी ताकदीत धावतं, पण त्याच गुळगुळीतपणामुळे चढावर घसरतं. म्हणून आगगाडीला रस्त्यापेक्षा खूपच हलका चढ लागतो. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली याने इथे कमाल चढ धरला सदतीसात एक. वरचं गणित पुन्हा करून बघा. चाळीसात एक धरला तरी बावीस किलोमीटर रूळ हवेत. प्रत्यक्षात कर्जत ते लोणावळा हे अंतर अठ्ठावीस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणूनच रेल्वेचा घाट खोपोलीतून नाही, तिच्या उत्तरेला कर्जतपासून सुरू होतो आणि डोंगराच्या सोंडेला धरून चढत येतो. खोपोलीला रेल्वे १८५६ मध्येच पोचली होती, पण तो फाटा आजही तिथेच संपतो.

मधली काही वर्षं मोठी गमतीची होती. वर खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली. खाली मुंबई ते खोपोली गाडी होतीच. मधला घाट मात्र पालखी, तट्टू नाहीतर गाडी करून पार करायचा आणि वर दुसऱ्या गाडीत बसायचं. २१ एप्रिल १८६३ ला घाटाचा लोहमार्ग खुला झाला आणि ही चढ-उतार थांबली.

त्यासाठी पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल बांधावे लागले. एके ठिकाणी वळायला जागाच नव्हती. तिथे 'रिव्हर्सिंग स्टेशन' केलं : गाडी डोंगराच्या टोकापर्यंत जायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट दिशेला वर निघायची. इंग्रजी व्ही अक्षर काढावं तसं. १९२९ च्या सुमारास नवे बोगदे काढून ही अडचण संपवली.

एकेकाळी चाळीस हजारांवर मजूर या घाटावर काम करत होते. कॉलरा, तापाच्या साथी, सुरुंगाचे अपघात, दरीत कोसळणं, यांत हजारोंनी माणसं गेली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आला आणि महिन्याभरात आजारपणाने वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका सोडला नाही, जाणकार इंजिनिअर नेमले आणि काम पुरं करून घेतलं. बर्कलीही १८६२ मध्ये वारला, पहिली गाडी पाहायला तो उरला नाही. या तिघांची नावं सापडतात. मजुरांची सापडत नाहीत.

त्यांच्या वतीने एक नाव लोकांनी जपलं आहे, शिंग्रोबाचं. सांगतात ते असं : इंग्रजांना घाटातून मार्ग सापडेना, तेव्हा गुरं चारणाऱ्या शिंग्रोबा धनगराने तो दाखवला. बक्षीस काय हवं विचारलं तर म्हणाला, माझा देश सोडून जा. त्यावर त्याला गोळी घातली. याला कागदाचा आधार नाही, ही लोककथा आहे. पण त्या कथेतलं एक म्हणणं पूर्ण खरं आहे. डोंगरात वाट कुठून निघते हे नकाशा काढणाऱ्याच्या आधी गुरामागे फिरणाऱ्याला माहीत असतं. जुन्या घाटातल्या त्याच्या देवळापाशी ट्रकवाले आजही वेग कमी करतात, नाणं टाकतात, हात जोडतात.

आता उतरणीबद्दल थोडं, कारण घाटातले वाईट अपघात बहुधा उतरताना होतात आणि त्याचं कारण लोकांना नीट सांगितलं जात नाही. सोळा टनांचा ट्रक पाचशे मीटर खाली उतरतो तेव्हा त्याच्या उंचीत साठलेली सगळी शक्ती कुठेतरी जायला हवी. ती वेगात जाऊ द्यायची नसेल तर उष्णतेत जाते. हिशेब केला तर ती उष्णता अडीचशे लिटर पाण्याला उकळी आणायला पुरेल एवढी भरते. ही सगळी ब्रेकवर टाकली की ड्रम तापतो, लायनिंगची पकड सुटते आणि पाय पॅडलवर पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. मग इंजिन स्वतःच गाडीला मागे धरतं आणि ब्रेक गरजेपुरताच लागतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकून सोडणं म्हणजे ही धरण्याची दोरीच कापून टाकणं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही इथूनच आलेला : चढावर थांबलेल्या जड गाडीला पुन्हा हलवणं फार कठीण असतं.

रेल्वे याच भीतीपोटी घाटात इतकी सावध असते. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, तेवढ्यात आपण वडा खाऊन घेतो. ती इंजिनं नुसती ढकलत नाहीत, मधेच काही तुटलं तर डबे मागे घरंगळू नयेत म्हणूनही तिथे असतात. उतरणाऱ्या गाड्या ब्रेक तपासण्यासाठी ठरलेल्या जागी थांबतात आणि बेफाम सुटलेली गाडी वळवून चढावर नेऊन थांबवायला 'कॅच सायडिंग' ठेवलेल्या असतात.

चौथा रस्ता मुंबई-पुणे एक्सप्रेसवे. कळंबोली ते किवळे, ९४.५ किलोमीटर, सहा पदरी, २००२ मध्ये पूर्ण. भाताण, माडप, आडोशी, खंडाळा, कामशेत इथले बोगदे आता आपल्या सवयीचे आहेत. मोटारीला वेग हवा, वेगाला लांब-रुंद वळणं हवीत, आणि ती बसवायला डोंगर पोखरावा लागतो. तळावर आणि माथ्यावर हे जमलं. घाटात मात्र पुरतं जमलं नाही. आडोशी बोगद्यापासून खंडाळ्याच्या फाट्यापर्यंत एक्सप्रेसवे आणि जुना महामार्ग एकाच रस्त्यावरून जातात. सहा पदर इकडून आणि चार पदर तिकडून, असे दहा पदरांचे लोक सहा पदरांत शिरतात. शनिवारी सकाळी घाटात अडकलेल्या माणसाला वाटतं, गाड्या फार झाल्या. ते खरंच आहे, पण मूळ दुखणं या गळ्यात आहे.

दुसरं दुखणं दरडीचं. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ मोठाले दगड थेट रस्त्यावर आले, ते अनेकांना आठवत असेल. हे का होतं, तर पुन्हा त्या पोळ्यांकडे यावं लागतं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीसारखा मऊ थर असतो. वरचा काळा पाषाण कणखर, पण थंड होताना त्याला उभ्या भेगा पडलेल्या. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ते पाणी भेगांतून उतरतं, मऊ थराशी अडतं, त्याला भिजवून ढिला करतं आणि आतून दगडाला बाहेर रेटतं. त्यात रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापलेला, सुरुंगांनी भेगा रुंदावलेल्या. घाटात कड्यावर लोखंडी जाळ्या बांधलेल्या दिसतात, त्या सुटे दगड अडवतात. आधारभिंतींना मुद्दाम ठेवलेली छोटी भोकं जाळ्यांइतकीच महत्त्वाची, कारण त्यांतून पाणी निघून जातं. पावसाळ्यात ती भोकं वाहताना दिसली की मला हायसं वाटतं. कोरडी असली तरच काळजी.

या दोन्ही दुखण्यांवर पाचवा रस्ता आखला गेला, 'मिसिंग लिंक'. काम २०१९ मध्ये सुरू झालं. खोपोलीपासून कुसगावपर्यंतचे १९ किलोमीटर कमी करून सुमारे १३.३ किलोमीटर करायचे, त्यासाठी दोन बोगदे, त्यातला मोठा जवळजवळ नऊ किलोमीटरचा, लोणावळ्याच्या तलावाच्याही खालून जाणारा. आणि दरीवर तारांनी तोललेला पूल, तळापासून १८० मीटरच्या आसपास उंच. या आखणीत कड्याला वळसा घालणं जवळपास सोडूनच दिलं आहे. मऊ थर, भेगा, पाऊस, वळणं सगळं डोक्यावर ठेवून पोटातून आरपार जायचं.

हे रस्ते एका जागेवरून समजून घ्यायचे असतील तर खंडाळ्याजवळच्या राजमाची पॉइंटवर पावसाने उघडीप दिली असताना जा, सकाळी लवकर. समोर राजमाचीचे दोन बालेकिल्ले, त्यांच्याखाली उल्हास नदीचं खोरं, जिथून तांडे यायचे. अंगाखाली घडी घातलेला रस्ता, त्याच्या शेजारून सरसर जाणारा एक्सप्रेसवे. मग थोडा वेळ काही न बोलता थांबा. डोंगराच्या सोंडेवर एका बोगद्यातून गाडी बाहेर येते, दिसते न दिसते तोच दुसऱ्यात शिरते, आणि मागच्या बँकर इंजिनांचा घोष दरीत बराच वेळ राहतो.